दुबई विमानतळ ते बर दुबई : आई, दोन बॅगा आणि मेट्रो

रविवारी सकाळी पावणेसातला टर्मिनल 3 मधून बाहेर पडलो आणि ऐटीत मेट्रो स्टेशनकडे निघालो. स्टेशन बंद! रविवारी मेट्रो 8 वाजता सुरू होते, हे मी बघितलंच नव्हतं. एरवी पहाटे 5 ते रात्री 12, शुक्रवारी रात्री 1 पर्यंत. बर दुबईला राहणारी ताई फोनवर म्हणाली, "टॅक्सी कर रे, आईला कशाला ताटकळत ठेवतोस?" पण मी हट्टाला पेटलेलो. तासभर बाकड्यावर बसून आईची बोलणी खाल्ली.

रेड लाइनची स्टेशनं टर्मिनल 1 आणि 3 लाच आहेत. टर्मिनल 2 धावपट्ट्यांच्या पलीकडे, तिथे मेट्रो नाही. फ्लायदुबईची बरीच विमानं तिथेच उतरतात, तेव्हा तिकिटावर टर्मिनल बघूनच बेत आखा.

मेट्रोच्या भाड्याचं नोल कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं. सिल्व्हर कार्ड 25 दिरहमला, त्यातले 19 प्रवासाला वापरता येतात. एका झोनमध्ये 3 दिरहम, शेजारच्या झोनपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. म्हणजे आम्ही बर दुबईला माणशी 5 दिरहमात पोचलो. गोल्ड, म्हणजे वरच्या वर्गाच्या डब्याचं भाडं दुप्पट. सिल्व्हर कार्ड घेऊन चुकून त्यात चढलात तर दंड 100 दिरहम. सामानाचा नियमही आहे: माणशी एक मोठी बॅग, 81×58×30 सेंटिमीटरपर्यंत, आणि एक छोटी. लग्नाच्या वऱ्हाडाचं सामान असेल तर मेट्रोचा नाद सोडा.

गाडीला ड्रायव्हर नाही. 2009 साली सुरू झाली तेव्हापासून नाही. त्यामुळे पुढच्या टोकाला केबिन नसून नुसती मोठी काच असते. आई कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत होती. विमानतळापाशी रूळ उंचावर आहेत, मग गाडी जमिनीखाली शिरते आणि युनियन ते बर्जुमान या स्टेशनांमध्ये खाडीच्या खालून जाते. खाडी दिसेल म्हणून मी मोबाइल काढून बसलो होतो. दिसला तो काळोख.

मध्येच आईने पर्समधून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. झाकण उघडणार तोच शेजारची मल्याळी बाई हिंदीत म्हणाली, "आंटी, फाइन लगेगा." गाडीत खाणं-पिणं चालत नाही, च्युइंगगमसुद्धा नाही. मीही बायका-मुलांच्या डब्यात उभा होतो, खाली गुलाबी पट्टा होता तरी लक्षात आलं नाही. तिनेच मला हाताने मागे जा असं खुणावलं. दोघांच्या दंडाचे 200 दिरहम त्या माउलीने वाचवले.

दोन किरकोळ गोष्टी. स्टेशनांची नावं कंपन्यांना विकली जातात आणि बदलतात. जुन्या नकाशातलं रशिदिया आज सेंटरपॉइंट आहे. शहरात जायचं तर सेंटरपॉइंटच्या उलट्या दिशेची गाडी धरा. आणि बुर्ज खलिफा स्टेशनपासून दुबई मॉल लागूनच असेल असं समजू नका. मधला एसी पूल 800 मीटरांचा आहे. सरकते पट्टे आहेत, तरी आईचे गुडघे बोलू लागले.

परतीचं विमान पहाटे 4 चं होतं. रात्री 11 ची मेट्रो धरून विमानतळावर बसून राहू, असं मी सुचवून पाहिलं. ताईने परस्पर टॅक्सी बोलावली होती.