हलव्याला काटा येतो कसा?

संक्रांत जवळ आली की तुळशीबागेत, दादरला बरण्यांमधून रंगीत हलवा दिसायला लागतो, पांढरा, गुलाबी, केशरी, आणि मला दरवर्षी तोच प्रश्न पडतो, की ह्याला काटा येतो कसा? कारण बघा ना, साखर चढवलेली बाकी सगळी मंडळी गुळगुळीत. हॉटेलात बिलाबरोबर येणारी रंगीत बडीशेप घ्या नाहीतर केकवरचे चकचकीत मणी घ्या, कारखान्यात फिरत्या भांड्यात घोळवून घोळवून त्यांना गुळगुळीत करतात. आपल्याकडे उलटं, हलवा गुळगुळीत निघाला की करणारीचं तोंड उतरतं.

कृती ऐकायला सोपी आहे. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा नाहीतर लवंगा घ्यायच्या, खाली अगदी मंद आच, चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांनी हलवत बसायचं, तो वाळला की पुढचा चमचा, असं तासन् तास, कधी कधी काही दिवस. पाक जास्त पडला की दाणे चिकटून गोळा होतो, आणि बोटं भाजतात ती वेगळीच. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा असतो तिथे पाक आधी लागून वाळतो, मग तो उंचवटा अजून वाढतो, असं काहीसं ते गणित आहे म्हणे. थंडीत, कोरड्या हवेत काटा चांगला येतो हे मात्र घरोघरी ऐकायला मिळतं.

गंमत म्हणजे जपानमध्ये ह्याचा सख्खा चुलतभाऊ शोभेल असा प्रकार आहे, कोनपेइतो, तोही रंगीत आणि काटेरी. मूळ मिठाई पोर्तुगीजांनी नेलेली, लुईश फ्रोइश नावाच्या पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा ह्या तिथल्या बलाढ्य सरदाराला ती भेट दिली होती. तोराहिको तेरादा ह्या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने तर कोनपेइतोच्या त्या काट्यांवर लिहिलंय! पारंपरिक पद्धतीने करायला एक-दोन आठवडे सहज जातात, म्हणजे तिकडेही चिकाटीचंच काम.

आपण मात्र एवढ्या मेहनतीने केलेला हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनेला मंगळसूत्र, बांगड्या करतो, हल्ली जावयाच्या हातात हलव्याचा मोबाईलसुद्धा देतात (हे मला अजूनही पटत नाही). बोरन्हाणात तर बोरं-चुरमुऱ्यांबरोबर बाळाच्या डोक्यावरच ओततात, आणि जमलेली पोरं त्यातली चॉकलेटं आधी उचलतात. चवीचं म्हणाल तर साखरच ती, पण लवंगेवरचा हलवा असेल तर विषयच वेगळा, साखर विरघळेपर्यंत गोड गोड आणि मग एकदम जिभेला झटका, म्हणून तो मी कुणाला वाटत नाही.