डोळे मिटले तर माग ऐकू आला

इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात पालकसभा घ्यायची म्हणजे आधी पाळ्यांचा हिशेब घालावा लागतो. दिवसपाळीवाले कामावर गेलेले, रातपाळीवाले झोपलेले. सभेला येतात त्या आया, आणि त्यातल्या निम्म्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम अर्धवट टाकून आलेल्या. त्यामुळे त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून काही वडीलही उभे दिसले तेव्हा मला बरं वाटलं. सुट्टीचा वार धरून सभा ठेवली होती, त्याचा उपयोग झाला.

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. या शाळेत येण्याचं कारण चौथीतली एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, पण वर्गात कुणाचाही आवाज चढला की हिचे खांदे वर आणि मान आत. प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर, पण ओठातल्या ओठात. वर्गशिक्षिकेला घरी मारहाण होत असावी अशी शंका होती. ती मलाही आली. मी मुलीशी दोन-तीनदा बोलले. अशा वेळी ‘पप्पा मारतात का?’ असं विचारायचं नसतं, कारण प्रश्नातच उत्तर असलं की मूल तेच परत देतं. मी म्हटलं, ‘संध्याकाळी घरी काय काय होतं ते सांग.’

‘पप्पा येतात. मग मी मागच्या खोलीत जाते.’

‘मग?’

‘मग आम्ही जेवतो.’

याच्या पुढे काही नाही. अंगावर वळ नाही, मारल्याचा उल्लेख नाही, पप्पांबद्दल तक्रारही नाही. पप्पा येतात आणि ती मागच्या खोलीत जाते, इतकंच.

पालकांच्या सभेत मी भाषण करत नाही. ‘मुलांना मारू नका’ हे सांगायला माझी गरज नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ठाऊक असूनही हात उठतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्यांना तीन गोष्टी मनात आणायला सांगते. पहिली, तुम्ही आठ-नऊ वर्षांचे आहात, संध्याकाळ आहे, घरातलं एक मोठं माणूस दारातून आत येतंय. दुसरी, कालचीच संध्याकाळ, तुमच्याच घरातली, पण तुम्ही तुमच्या मुलाच्या उंचीवर आहात आणि दारातून तुम्ही स्वतः आत येताय. तिसरी, उद्याची संध्याकाळ. तुम्हाला कसं आत यायचंय? आणि त्यात आडवं काय येणार?

हा शेवटचा प्रश्न गाळून चालत नाही. पालकत्वाच्या पुष्कळ शिबिरांत लोकांना डोळे मिटून ‘आदर्श आई’, ‘शांत, हसरे बाबा’ डोळ्यांसमोर आणायला लावतात. लोक प्रसन्न चेहऱ्याने घरी जातात आणि पहिल्या सांडलेल्या दुधाला सगळं संपतं. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. नुसतं गोड चित्र रंगवलं की माणसाला काम झाल्यासारखंच वाटतं आणि प्रत्यक्ष धडपड कमी होते, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. चित्राशेजारी अडथळा ठेवला तर मात्र मन कामाला लागतं. त्यांचे पती पीटर गोलविट्झर यांनी याच्या जोडीची गोष्ट मांडली. नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं वेळ-प्रसंगासकट ठरवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ‘मी चिडणार नाही’ हा निश्चय झाला. ‘कडी काढली की आधी तोंड धुणार’ हे ठरवणं झालं.

डोळे मिटायची सक्ती मी करत नाही. ‘मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर फरशीकडे बघा,’ असं सांगते. लहानपणाच्या घरात शिरणं प्रत्येकाला सोसतंच असं नाही. त्या दिवशीही एका बाईंनी डोळे खाडकन उघडले आणि पदराचं टोक हातात गच्च धरून बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन पाय जमिनीवर टेकवायला सांगितले, हॉलमधल्या खिडक्या मोजायला लावल्या आणि बाकीचा भाग त्यांच्यापुरता तिथेच थांबवला. त्यांच्याशी नंतर वेगळं बोलले, ते इथे सांगायचं नाही.

सुरुवातीला खुसखुस झाली, कुणाचा तरी फोन ‘माऊली माऊली’ करत वाजला, मग हळूहळू शांतता झाली. पहिल्या चित्राबद्दल कोण बोलणार असं विचारलं तर कांडी भरणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, ‘माझी आजी आली. शेंगा निवडत माझ्याजवळ बसायची. बोलत काय नव्हती.’ मग थोडं थांबून, ‘मी पोरांजवळ बसतच न्हाई की ओ. सारखी उभीच.’ मला यावर काही बोलावं लागलं नाही.

तेवढ्यात मागून मोठा आवाज आला.

‘मॅडम, मला काय दिसंनाच झालंय. नुसता अंधार हाय.’

हॉल हसला. बोलणारे भिंतीला टेकलेल्या वडिलांपैकी होते. मागावर काम करून करून माणसाचा आवाज चढतो तसा चढलेला. मला वाटलं चेष्टा करताहेत, पण चेहरा चेष्टेचा नव्हता. खरोखरच प्रयत्न करून थकलेला माणूस होता तो.

काहींना मनात चित्र दिसतच नाही. हा दोष नाही आणि आजारही नाही. ब्रिटनमधले मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं, आणि आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळल्यावर कितीतरी जणांनी त्यांना पत्रं लिहिली. या गृहस्थांचं तसंच होतं की ते नुसते अवघडले होते, हे मी सांगू शकत नाही आणि त्याची गरजही नव्हती. चित्र नसेल तर वास चालतो, स्पर्श चालतो, आवाज चालतो. मी म्हटलं, ‘दिसू दे नाहीतर न दिसू दे. ऐकू काय येतंय?’

ते पुन्हा डोळे मिटून उभे राहिले. यावेळी कुणी हसलं नाही.

‘माग,’ ते म्हणाले. ‘खटाक खटाक चाललाय. आमचं वडील पण मागावरच होतं.’

‘आणखी?’

‘वडील हाक मारत्यात.’

‘काय म्हणताहेत?’

‘काय का म्हणंनात. हाक आली की आम्ही भावंडं परड्यात पळायचो.’

‘मारायचे?’

‘छ्या! बोट लावलं न्हाई कधी. नुसतं बोलायचं.’ आणि मग, थांबून थांबून, ‘नुसतं बोलायचं, पण आम्ही पळायचो.’

पुढच्या रांगेत त्यांची बायको होती. ती मागे वळून म्हणाली, ‘आवो, तुमचं बी तसंच हाय. जेवायला वाढ म्हणलं तरी गल्लीला कळतंय.’ पुन्हा थोडं हसू. त्यांनी डोळे उघडले होते. ‘आमची पोरगी मी आलो की आत जात्या,’ ते म्हणाले. ‘मला वाटायचं अभ्यासाला जात्या.’

तोपर्यंत मला माहीत नव्हतं की हे त्या मुलीचे वडील आहेत.

दुसरं चित्र मी त्या दिवशी बदललं. सगळ्यांनाच म्हटलं, मुलाच्या जागी बसा आणि काल संध्याकाळचा स्वतःचा आवाज ऐका. शब्द नकोत, नुसता आवाज. यंत्रमागाच्या गावात हा बदल आधीपासूनच असायला हवा असं आता वाटतं. धोट्याच्या, म्हणजे शटलच्या, मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा नव्वद डेसिबलच्या वरच असतो. शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं, नाहीतर खुणांनी. बारा तास असं ओरडलेला माणूस घरी आला की त्याचा गळा तसाच चालू राहतो. बटण बंद केलं म्हणून थांबत नाही.

सभा संपल्यावर ते दोघं थांबले. मी विचारलं, टीव्ही मोठा लावता? बायकोनेच उत्तर दिलं. मुलगी बोलते ते कळतं? ‘पुटपुटत्या. दोनदा-तीनदा विचारावं लागतंय. मग माझा आवाज वाढतोय,’ ते म्हणाले. आवाजाने कान जातात तेव्हा सुरुवात उंच पट्टीपासून, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास होते. म्हणजे ढोलाचा आवाज नीट येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात, आणि लहान मुलींचे बारीक आवाज तर आधी निसटतात. बापाला ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्याने विचारतो, मोठ्याने विचारलं म्हणून पोरगी आणखी हळू बोलते, आणि ती हळू बोलली म्हणून बाप आणखी मोठ्याने. घरात कुणी रागावलेलंच नसतं.

मी त्यांना सरकारी रुग्णालयातल्या कानाच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. तपासणीत उंच पट्टीचं ऐकणं दोन्ही कानांनी कमी निघालं. अशा आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत. आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याखाली कळवायच्या आजारांच्या यादीत आलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. पण ते काम करतात त्या शेडमध्ये कानात घालायचं साधं बोळंही कुणी कधी दिलेलं नव्हतं. ‘कान झाकलं तर धागा तुटल्याचं कळंल कसं?’ असं त्यांनीच मला विचारलं. धागा तुटल्याचं कानाला कळतं की डोळ्याला, यावर नवरा-बायकोत तिथेच थोडा वाद झाला.

तिसरं चित्र आम्ही तिघांनी मिळून केलं, पण आवाजांचं. त्यांनी क्रमाने सांगितलं: शेडचा खडखडाट मागे पडतो, गाडी बंद, दाराची कडी, कुकर. इथे थांबा, मी म्हटलं. कडी वाजली, आता काय? त्यांनी स्वतःच ठरवलं की लांबून हाक मारायची नाही. हात पोचेल इतकं जवळ जायचं, बसायचं आणि मग बोलायचं. आणि ऐकू नाही आलं तर ‘काय?’ असं ओरडायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं. आडवं काय येईल? ‘पगाराचा दिवस,’ ते लगेच म्हणाले. ‘कापडात डाग निघाला म्हणून दिवाणजीनं कापलं की त्या दिवशी मी माणसात नसतो.’ मग त्या दिवसासाठी वेगळं ठरलं: पगार कापला की घरी न जाता आधी कोपऱ्यावर चहा. चहा संपेपर्यंत दिवाणजीला मनात काय हव्या त्या शिव्या द्यायच्या. हे त्यांनी दोन-तीनदा मनातल्या मनात घोळवलं. शिव्यांचा भाग त्यांना विशेष चांगला जमला असावा, कारण ते हसत होते.

पुढे मी शाळेत गेले तेव्हा मुलगी अजूनही हळूच बोलत होती. वर्गातल्या फळ्याजवळच्या बाकावर तिला बसवलं होतं. संध्याकाळी काय होतं असं विचारल्यावर म्हणाली, ‘पप्पा येतात. मग ते मला चिठ्ठी दाखवतात.’ कसली चिठ्ठी? आज कापडात काय काय निघालं त्याची. त्यातली बेरीज ती तपासते.

त्याच दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. तक्रार होती. ‘मॅडम, हे आता इतकं हळू बोलत्यात, मला काय ऐकूच येत न्हाई.’

ती त्याच शेडमध्ये कितीतरी वर्षं कांड्या भरत होती. मी पिशवीतून कागद काढला आणि तिच्याही नावाची चिठ्ठी लिहिली.