ऊसतोडीच्या गाड्या सुटण्याआधी

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांवर जातात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. आरोग्य सहायिका म्हणून या दिवसांत माझं मुख्य काम लस टोचण्याचं नसतं; ते एएनएम ताई (उपकेंद्रातल्या परिचारिका) माझ्यापेक्षा सफाईनं करतात. माझं काम जाणाऱ्या लेकरांच्या यादीचं.

यादी अंगणवाडीतून, आशाताईंच्या वहीतून आणि ग्रामसेवकाच्या ऊसतोड कामगार नोंदीतून निघते. तिन्ही कधीच जुळत नाहीत. अंगणवाडीत लेकराचं नाव ‘सोन्या’ असतं आणि कार्डावर नुसतं आईचं नाव. म्हणून मेळ घालायचा तो आईचं नाव आणि लेकराची जन्मतारीख यांवरून. तरी गाडी कोणत्या दिवशी सुटणार हे या तिघांनाही ठाऊक नसतं. ते फक्त मुकादमाला माहीत असतं, कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यानं वाटलेली असते आणि कोणता कोयता (तोडणारं जोडपं) कुठं जाणार हे त्याच्या डायरीत असतं. सरकारी वही दिसली की तो बिचकतो. आपण फक्त तारीख आणि कारखान्याचं नाव विचारायचं, मजुरीचा विषय काढायचा नाही. बऱ्याचदा त्याच्या घरच्या बाईशी बोललेलं जास्त कामाला येतं.

हिशेब आजच्या देय लसींचा करायचा नाही, एप्रिलअखेरपर्यंतचा करायचा. पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) दोन डोसांत किमान चार आठवडे हवेतच. ते अंतर घाई करून कमी होत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस सप्टेंबरच्या मध्यावर बसतो, दुसरा ऑक्टोबरच्या मध्यावर. पहिलाच पंधरा दिवस लांबला तर दुसऱ्याच्या वेळी बाळ फडात, म्हणजे तोडीच्या उसात. म्हणून सप्टेंबरमध्येच यादी हातात हवी. गोवर-रुबेलाची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय द्यायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. जीवनसत्त्व ‘अ’ नऊ महिन्यांना १ मिली, पुढं पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली. ज्याचा डोस देय आहे त्याला जाण्याआधीच पाजावा. जंतनाशकाचंही तेच, फेब्रुवारीच्या फेरीला ही लेकरं गावात नसतात.

जादा सत्रं संध्याकाळी लावावी लागतात. दिवसा बाया सोयाबीन काढायला नाहीतर कापूस वेचायला रानात. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यांना लस तापण्याची भीती वाटते, प्रत्यक्षात पेंटा, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि आयपीव्ही (पोलिओची टोचायची लस) गोठून बाद होण्याचा धोकाही तेवढाच. आइसपॅक फ्रीजरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये भरले की हे घडतं. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच भरायचे. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनी फेकायची.

इथंच नेतृत्वाचा खरा प्रश्न येतो. एका लेकरासाठी पूर्ण कुपी फोडायला ताई कचरतात, कारण वाया गेलेल्या डोसांचा जाब त्यांनाच विचारला जातो. ‘एक लेकरू असलं तरी फोडा’ असा नियमच आहे, पण तोंडी सांगून धीर येत नाही. मी सत्राच्या नियोजनपत्रावर तसं लिहून सही करते. मग कुणी थांबत नाही.

गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी पेंटा शक्यतो टाळावी. ट्रॉलीत रात्रभर तापलेलं बाळ सांभाळलेली आई पुढच्या डोसाला येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. तीन-चार दिवस आधी द्यावी. दुसरा इलाज नसेल तर द्यावीच, पण वजनानुसार पॅरासिटामॉल मोजून दाखवावं. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचंच असतं. दुखापतींचं सगळं बोलणं मी त्याच अर्ध्या तासात बसवते. वेगळी सभा घेतली तर पुरुष पुढं बसतात आणि ज्यांनी ऐकायचं त्या बाया स्वयंपाकाला जातात.

बोलायचं मोजकंच, आणि कोपीपाशी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपाशी, करता येईल तेवढंच. कोपी पाचटाची, म्हणून चूल बाहेर, वाऱ्यानं ठिणग्या कोपीकडं येणार नाहीत अशा अंगाला. पहाटे अंधारात तापवलेलं पाण्याचं पातेलं वाटेत ठेवायचं नाही. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओतायचं. टूथपेस्ट नाही, हळद नाही. कोयता उंच खोचायचा. अंथरूण ट्रॉली मागं घेतात त्या बाजूला कधीच नाही. अंथरूण झटकूनच लेकरू निजवायचं. विंचू चावलेल्या लेकराला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर उतारा करत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, हे सांगितलं की बाया जास्त कान देतात.

फडातल्या कठडा नसलेल्या विहिरींवर मात्र सांगून भागत नाही. आठ वर्षांच्या बहिणीवर दीड वर्षाचं लेकरू सोपवलेलं असतं. टोळीतली एक वयस्क बाई कोपीवर थांबली तर फरक पडतो, पण त्यात एका माणसाची मजुरी जाते, म्हणून मुकादमाला आधी पटवावं लागतं. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृह किंवा आजीचं घर हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

सोबत जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक द्यायचं. पाकीट एक लिटरचं, पण आया निम्मं पाकीट पेल्यात ओततात आणि पाणी खारट होतं. म्हणून लिटरची रिकामी बाटली घेऊन त्यांच्याच हातानं करून घ्यायचं. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकायचं. झिंक सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. तिसऱ्या दिवशीच गोळ्या बंद होतात, हे गृहीत धरून पट्टीवर तारखा लिहून द्याव्यात.

जाताना कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेर (दंडाचा घेर) मोजायचा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते लेकरू आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचं.

यादीची प्रत कारखानानिहाय वेगळी करून तालुक्यामार्फत तिकडच्या आरोग्य केंद्राला पाठवतो. गावाचं नाव देऊन तिकडं कुणी सापडत नाही, टोळी फड बदलत राहते. कारखाना, मुकादमाचा फोन आणि शक्य असेल तर चिटबॉयचा (तोडीचं काम बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाचा) नंबर द्यावा; टोळी आज कुठल्या फडात आहे ते त्याला माहीत असतं. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद असली तरी मोबाईल नवऱ्याकडं असतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हाती द्यायचं, आणि पुढची देय लस कोणती, कोणत्या तारखेनंतर, ते मराठीत ठळक लिहायचं.

परत आल्यावर प्रत्येक कार्ड उघडून बघायचं. तिकडच्या डोसाची तारीख असेल तर ती रजिस्टरात चढवायची. तारीख नाही, पोर्टलवर नोंद नाही आणि आई नुसतं ‘टोचलं होतं’ म्हणते, अशा वेळी पाच वर्षांखालच्या लेकराला गोवर-रुबेलाचा डोस द्यावा. जादा डोसानं अपाय होत नाही.