संधी आणि साधू

परवा बैठकीत साहेबांनी एक तक्ता वर धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "छान झालाय हं. एका नजरेत सगळं कळतं." तक्ता माझा नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दोन दिवस खपून तो केला होता आणि नेमका त्या दिवशी तो रजेवर होता. माझा वाटा एवढाच, की मी तो छापून फाइलीला लावला. मी "नाही, म्हणजे…" म्हणून तोंड उघडलं, तोवर साहेब पुढच्या विषयावर गेलेसुद्धा. ते अर्धवट 'नाही' इतरांना माझा विनय वाटला असणार. म्हणजे एक अक्षरही खोटं न बोलता काम झालं.

तेव्हापासून 'संधिसाधू' हा शब्द डोक्यात घोळतोय. हा शब्द मी आजवर शेकडो वेळा वापरला असेल, पण कायम दुसऱ्यासाठी. प्रथमपुरुषी एकवचनात तो चालतच नाही. मी वेळ साधतो, मी प्रसंगावधान राखतो. वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो तो दुसराच कुणीतरी. (राजकारणातल्या मंडळींना इथे वगळतो. त्यांच्यावर लिहून लिहून लोकांची शाई संपली, त्यांना काही फरक पडला नाही.)

लहानपणी मला हा एखादा दाढीवाला, लबाड साधू वाटायचा. त्यातला साधू 'साधणे'तून आलाय हे फार उशिरा कळलं. संधी हा शब्द तर त्याहून गमतीचा. दोन वर्ण भिडले की संधी, दिवस आणि रात्र भिडतात तो संधिप्रकाश, हाडं भिडतात तिथे संधिवात, आणि राजे लढून दमले की करायचे तोही संधीच, म्हणजे तह. जिथे तिथे सांधा. आणि सांधा आला की फटही आलीच.

संस्कृतात तर चोराने भिंतीला पाडलेल्या भगदाडालाही संधी म्हणत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक रात्री चारुदत्ताच्या घराची भिंत चाचपडत फिरतो. घाई अजिबात नाही. रोज सूर्याला अर्घ्य देताना पाणी सांडून सांडून एके ठिकाणी भिंत खारावलेली, पोखरलेली असते. शिवाय तिथे उंदरांनी उकरलेली माती. जागा पक्की. मग भगदाडाचा आकार कोणता ठेवावा यावर तो विचार करतो. कमळासारखा, सूर्यासारखा, चंद्रकोरीसारखा? शेवटी पूर्णकुंभ ठरतो. माप घ्यायला दोरी विसरली म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. मला यातली सगळ्यांत बोचरी गोष्ट चोरी वाटत नाही. घरमालकाच्या रोजच्या पुण्यकर्मानेच भिंत कमकुवत झाली होती, ती वाटते.

वैद्यकातला संधिसाधू संसर्ग याच जातीचा. कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात गुण्यागोविंदाने राहते. प्रतिकारशक्ती ढासळली की तीच जिभेवर पांढरे थर चढवते. बाहेरून कुणी चाल करून आलेलं नसतं, घरातलंच कुणीतरी उठून बसतं. 1981 साली अमेरिकेत काही तरुणांना असाच एक, धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया झाला, म्हणून डॉक्टर चक्रावले. पुढे ज्याला एड्स म्हणू लागले, त्याची ती पहिली नोंद.

या शब्दाच्या इंग्रजी भावंडाचं, 'ऑपॉर्च्युनिस्ट'चं, मूळ मात्र सोज्वळ आहे. लॅटिनमध्ये तो बंदराच्या दिशेने वाहणाऱ्या वाऱ्याशी जोडलेला. असा वारा सुटल्यावर शीड उभारणाऱ्या नावाड्याला कोण नावं ठेवील? फ्रान्समध्ये 1870 नंतरच्या दशकांत गांबेता हा पुढारी आणि त्याच्या सोबतचे मवाळ प्रजासत्ताकवादी यांना विरोधक 'संधिसाधू' म्हणून हिणवत, कारण सुधारणा एकदम नको, योग्य वेळ येईल तशी करू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच गटाच्या ज्यूल फेरीने 1881 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि 1882 मध्ये सक्तीचं. शिवी चिकटली ती चिकटली, पण पोरं शाळेत गेली. असा संधिसाधूपणा मला चालेल.

पण नावाड्याला निदान शीड ओढावं लागतं, शर्विलकाला विटा काढाव्या लागतात. मी काय केलं? 'नाही'नंतर एक स्वल्पविराम ठेवला, 'म्हणजे'पाशी थांबलो आणि त्या फटीतून अलगद आत शिरलो.

सहकारी सोमवारी रजेवरून परतला. पिशवी खुर्चीला अडकवता अडकवताच त्याने विचारलं, "काय रे, तक्ता आवडला का साहेबांना?"

"खूप," मी म्हणालो, "एका नजरेत सगळं कळतं म्हणाले."

तो खूश झाला. मी फाइल उघडून बसलो.