हसला म्हणून बाहेर

टिम डंकन या अमेरिकन बास्केटबॉल खेळाडूला हसला म्हणून मॅचबाहेर काढलं होतं ही गोष्ट मी बाबांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा आम्ही डायनिंग टेबलावर भेंडी पुसत बसलो होतो, आणि मला वाटलेलं की बाबा म्हणतील काय हा अन्याय, पण बाबांनी हातातली भेंडी खाली ठेवली आणि विचारलं, "कसा हसला?"

म्हणजे काय कसा हसला? हसला. माणूस हसतो तसा.

बाबा आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात येतात, एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे बरोब्बर एनबीएच्या, इथल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफ्सच्या (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) तोंडावर. नोकरी पाटबंधारे खात्यात केली पण जीव कबड्डीत, आधी खेळायचे आणि गुडघा गेल्यावर पंच झाले, सांगलीकडच्या सगळ्या जत्रांमधून मातीतल्या मॅचेसना शिट्टी मारलेली. त्यामुळे आमच्याकडे टीव्हीसमोर एक विचित्र प्रकार चालतो. मी न्यूयॉर्क निक्सच्या बाजूने ओरडत असतो, माझा मुलगा जो कोण जिंकतोय त्याच्या बाजूने, आणि बाबा रेफरीच्या बाजूने. कायम. रेफरीने शिट्टी मारली की बाबांची मान आपोआप हलते, हं, बरोबर. रिप्लेमध्ये धडधडीत दिसतंय की फाऊल नव्हता, तरी बाबा म्हणणार, "तो जिथे उभा आहे तिथून तसंच दिसतं." हे त्यांचं वाक्य मी एका सीझनमध्ये किमान दोनशे वेळा ऐकलं असेल.

तर डंकन. 15 एप्रिल 2007, डॅलसमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सची, म्हणजे डंकनच्या टीमची मॅच. डंकन म्हणजे लीगमधला सगळ्यात दगडी चेहऱ्याचा माणूस, चॅम्पियनशिप जिंकली तरी फार काही हलायचं नाही त्याच्या तोंडावर. आणि त्या दिवशी हा माणूस कोर्टवर पण नव्हता हो, बेंचवर बसलेला, आणि बसल्या बसल्या हसत होता. जोई क्रॉफर्ड नावाच्या रेफरीने तिकडून त्याला टेक्निकल दिला, म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल, ज्यावर समोरच्या टीमला एक फ्री थ्रो, बास्केटवर मोकळा नेम, मिळतो. तो दुसरा टेक्निकल होता आणि दोन झाले की नियमाने घरी, म्हणजे लॉकर रूममध्ये. डंकन नंतर म्हणाला की क्रॉफर्डने मला मारामारी करायचीय का असंही विचारलं. स्पर्स ती मॅच हरले, डंकनला 25,000 डॉलर दंड झाला, पण खरी गंमत पुढे, लीगचा कमिशनर डेव्हिड स्टर्नने रेफरीलाच उरलेल्या सीझनसाठी आणि प्लेऑफ्ससाठी घरी बसवलं. म्हणजे हसणारा एका मॅचमधून गेला आणि हाकलणारा दोन महिने. आणि त्याच जूनमध्ये स्पर्स चॅम्पियन झाले.

मी फोनवर क्लिप लावून दिली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून तीनदा बघितली. मग म्हणाले, "चूक आहे पंचाची." मी उडालोच, बाबांच्या तोंडून हे वाक्य म्हणजे सूर्य पश्चिमेला. पण लगेच पुढे, "चूक आहे, पण मला कळलं त्याला काय झालं ते."

मग मी त्यांना सांगितलं की क्रॉफर्डचे वडील बेसबॉलमधले नावाजलेले अंपायर होते आणि भाऊ पण अंपायर. बाबा खूश. "घराणंच म्हण की," म्हणाले, जसं काही किराणा घराणं.

बाबांची थिअरी अशी की पंचाला शिव्या घातलेल्या चालतात. शिवीत काय असतं, समोरचा चिडलाय, म्हणजे तुमचा निर्णय त्याने मनावर घेतलाय. हसणं म्हणजे तुम्ही निर्णय दिलाच नाही जणू. मला हे तेव्हा पटलं नाही, अजूनही पूर्ण पटत नाही, कारण मग रशीद वॉलेस नावाच्या खेळाडूचं काय करायचं? हा बाबा (म्हणजे वॉलेस, आमचे नव्हेत) 2000-01 च्या सीझनमध्ये 41 टेक्निकल घेऊन बसला, आजवरचा रेकॉर्ड आहे तो, आणि आता तर 16 झाले की एका मॅचची बंदी असते त्यामुळे तो मोडणंही अवघड. वॉलेसचं ब्रीदवाक्य होतं बॉल डोन्ट लाय. समजा रेफरीने चुकीचा फाऊल दिला आणि समोरच्याने फ्री थ्रो चुकवला, तर हा ओरडणार, बॉल खोटं बोलत नाही! 2012 मध्ये निक्सकडून खेळताना हेच केलं, कोर्टवर येऊन दीड मिनिटही झालं नव्हतं, 85 सेकंद, एक टेक्निकल मिळाला, त्याचा फ्री थ्रो समोरच्या टीमच्या ड्रॅगिचने चुकवला, हा ओरडला, दुसरा टेक्निकल, चला घरी. माणूस घाम यायच्या आत आंघोळीला गेला. मी ही गोष्ट बाबांना सांगितली तर ते एवढे हसले की ठसका लागला आणि आईने आतून विचारलं काय झालं. "यात तर तो देवाला साक्षीला बोलावतोय," बाबा म्हणाले, "पंचाने काय करायचं मग, देवाला टेक्निकल द्यायचा?"

तेव्हापासून बाबांनी रेफरी टेक्निकल देताना करतात ती खूण उचलली. एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवायची, इंग्रजी टी. नातवाने ताटात दोडका ठेवला, टी. आई म्हणाली गोळी घेतली का, टी.

पण एका गोष्टीवर आमचं खरं भांडण झालं. 12 डिसेंबर 2023 च्या रात्री दोन जणांना बाहेर काढलं होतं. शिकागोत पाहुण्या टीमचा स्टार निकोला योकिच, का तर मला फाऊल का देत नाही म्हणून रेफरीला काहीतरी बोलला. एकच टेक्निकल आणि थेट बाहेर, हाफ टाइम पण झाला नव्हता. आणि त्या दिवशी तिथे होती सर्बियन हेरिटेज नाइट! योकिच सर्बियाचा, शिकागोत सर्बियन लोक भरपूर, ते सगळे झेंडे बिंडे घेऊन याला बघायला आलेले. नवरदेवालाच मांडवाबाहेर काढलं की हो. यजमान टीमचे प्रेक्षक पाहुण्याला काढला म्हणून रेफरीवर ओरडतायत असं दृश्य कुठे बघायला मिळतं? आणि त्याच रात्री तिकडे फिनिक्समध्ये ड्रेमंड ग्रीन नावाच्या खेळाडूने गिरकी घेऊन समोरच्या टीमच्या युसुफ नुरकिचच्या तोंडावर हात हाणला, तोही बाहेर. म्हणजे त्या रात्रीपुरती शिक्षा सारखीच, बोलला तोही लॉकर रूममध्ये आणि मारला तोही. ग्रीनला नंतर बेमुदत बंदी घातली, 12 मॅचेस बाहेर बसला, ते वेगळं. पण योकिचसाठी ज्यांनी पैसे भरून तिकिटं काढली त्यांना ती रात्र परत मिळणार आहे का? मी तावातावाने बोलत होतो. बाबा म्हणाले, शब्द कुठला होता ते तुला माहितीय का? नाही माहीत. मग गप्प बस. मी गप्प नाही बसलो.

आता सिकॉकस. एडिसनहून न्यूयॉर्कला जायच्या ट्रेनमध्ये हे स्टेशन लागतं, आम्हा रोजच्यांना ते म्हणजे गाडी बदलायची जागा, बाकी दलदल आणि गोदामं. पण याच गावात एनबीएचं रिप्ले सेंटर आहे, 2014 पासून. कुठल्याही मॅचमध्ये रेफरीला शंका आली की इथल्या खोलीत बसलेली माणसं भिंतभर स्क्रीनवर सगळे अँगल लावून बघतात. शिवाय आता कोच स्वतः रेफरीच्या निर्णयाला चॅलेंज करू शकतो, 2019 पासून. आणि मार्च 2015 पासून अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होतो, कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, कुठे वाजायला हवी होती आणि वाजली नाही. स्कोअर मात्र बदलत नाही. पोस्टमॉर्टेमच ते.

मागच्या वेळी बाबांना मॅनहॅटनला घेऊन चाललो होतो तेव्हा ट्रेनमध्ये हे सांगितलं. "म्हणजे इथे सरपंच बसतात," बाबा म्हणाले. कबड्डीत मैदानावर पंच असतात आणि त्यांच्यावर सरपंच, त्यामुळे त्यांना ते एकदम कळलं. मग मी त्यांना बॉस्टनची गोष्ट सांगितली. जानेवारी 2023, लेकर्स आणि सेल्टिक्स, 105-105, शेवटचे क्षण, लेकर्सचा लेब्रॉन बास्केटखाली उडी मारतो आणि सेल्टिक्सच्या टेटमचा हात सरळ त्याच्या हातावर बसतो. सगळ्या जगाला दिसलं. तीन रेफरींना नाही दिसलं. लेब्रॉन गुडघ्यावर बसून डोकं जमिनीला टेकवून राहिला. आणि पॅट्रिक बेव्हर्ली, लेकर्सचाच, त्याने काय करावं? एका फोटोग्राफरचा कॅमेरा उचलला आणि रेफरीला जाऊन स्क्रीनवर फोटो दाखवायला लागला, हे बघा. टेक्निकल! ओव्हरटाइम सुरू झाला तोच सेल्टिक्सच्या त्या फ्री थ्रोने, आणि लेकर्स 125-121 ने हरले. पुरावा दाखवला म्हणून दंड. दुसऱ्या दिवशी रेफरींच्या संघटनेने मान्य केलं की आमची चूक झाली, आम्हाला झोप लागणार नाही.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "खरं आहे. नाही लागत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्याशा जत्रेतली रात्रीची फायनल, बांबूला ट्यूबा बांधलेल्या, फक्कीची रेषा पायांनी पुसली गेलेली. एक पोरगा चढाईला आला, काटकुळा, सतरा-अठराचा, दोघांना शिवून परत निघालेला. आणि नेमकं तेव्हा लाऊडस्पीकरवर देणगीदारांची नावं सुरू झाली, अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. बाबांना पोराचा कबड्डी कबड्डी ऐकूच येईना. त्यांनी शिट्टी मारली, दम सुटला, बाद.

"सुटला नव्हता?"

"ओठ हलत होते ना त्याचे. मला दिसत होते." बाबा म्हणाले. "शिट्टी वाजल्यावर दिसले."

तो पोरगा भांडला नाही काही नाही. त्याने लाऊडस्पीकरकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि हसला.

"मग?"

"मग काय. काढला बाहेर. मॅच संपेपर्यंत."

आणि हे सांगत असतानाच डब्यातला स्पीकर खरखरला, पुढचं स्टेशन सिकॉकस, गाडी बदलणाऱ्यांनी अमुक करा तमुक करा, आणि बाबा पुढे काहीतरी बोलत होते, ओठ हलत होते पण मला एक शब्द ऐकू येईना, आणि मला हसू फुटलं, म्हणजे आवरेचना. बाबांनी बोलणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवली.

"एक झाला," म्हणाले. "अजून एक झाला की इथेच उतरायचं."