डाव्या खिशातला तुकडा

इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात मी जुने कपडे सांभाळायचं काम करते. त्या दिवशी टेबलावर दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॅटलड्रेस होता. खरखरीत खाकी लोकर, कमरेशी संपणारं जाकीट, बाहीवर सार्जंटच्या तीन फिती. या जाकिटाला इथे ‘ब्लाउज’ म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर हसतच सुटली.

घालणारा आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिटचा कॅमेरामन. १९४१ साली उभी राहिलेली ही तुकडी. माणसं लंडनजवळच्या पाइनवूड या फिल्म स्टुडिओत शिकायची आणि आघाडीवर जायची. कमरेला रिव्हॉल्व्हर, हात मात्र कॅमेऱ्यात अडकलेले. गणवेश चारचौघांसारखाच. खांद्यावरची पट्टी काढली, तर ओळखायचं कशावरून?

झिजेवरून. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत तिरकी लव उडालेली, खालचे धागे उघडे. कॅमेऱ्याच्या पेटीचा पट्टा रोज तिथेच घासत असणार.

कसरीच्या भीतीने असे कपडे आम्ही आधी उणे ३० अंशांत तीन दिवस ठेवतो. त्याआधी खिसे तपासायचे. छातीच्या डाव्या खिशात चिमटा घातला, तर अस्तर खारी बिस्किटासारखं चुरलं. नाकाला झोंबणारा वास आला. आत ३५ मिमी फिल्मचा बोटभर तुकडा, कडेला छिद्रं, आणि भिंगाखाली बारीक अक्षरं: नायट्रेट.

हात तिथेच थांबला. सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे जुन्या फिल्मचं प्लास्टिक, पेटलं की पाण्याखालीही जळतं. प्राणवायू त्याच्याच पोटात असतो. नुसतं पडून राहिलं तरी कुजत आम्ल सोडतं. अस्तर त्यानेच खाल्लं होतं, कसर बिचारी निर्दोष!

तुकडा खिशात आला कसा? १०० फुटांचं रीळ, म्हणजे जेमतेम एक मिनिटाचं चित्रण. संपलं की आडोसा शोधून नवं भरायचं. टोक दुमडलेलं असेल तर फाडायचं, कपटा खिशात, पुन्हा कॅमेऱ्याला किल्ली द्यायची. हे अर्थात माझं अनुमान. कचरा खिशात टाकायची सवय मलाही आहे.

“चित्र आहे का त्यावर?” वरिष्ठ बाईंनी धावत येऊन विचारलं. नव्हतं. न धुतलेली, उजेड खाल्लेली फिल्म, नुसती करडी.

तुकडा कागदी पाकिटातून वेगळ्या शीतकपाटात गेला. प्रदर्शनवाल्यांना खिशावरचा पिवळा डाग नको होता. त्यावरून तासभर वाजलं. शेवटी अस्तराला मागून रेशमी जाळीचा आधार दिला आणि डाग राहू दिला.