टेबलाभोवतीचे मंत्री

‘असल्या राक्षसांच्या फिल्मा घरात कशाला लावता हो?’ बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अधूनमधून चार मंडळी जमून माहितीपट बघतात, म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हुकूमशहाला नावं ठेवणाऱ्या फिल्मपेक्षा त्यानं हौसेनं काढून घेतलेली फिल्म मला जास्त शिकवते. युगांडाच्या इदी अमीननं बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाला आपलं चित्रण करू दिलं आणि काय दाखवायचं तेही बरंचसं स्वतःच ठरवलं. फिल्म आली 1974 साली. तिच्यात वाजणारं अ‍ॅकॉर्डियनसुद्धा त्याचंच. अमीन खदाखदा हसतो, पोहण्याची शर्यत जिंकतो. गडी दिलखुलास वाटायला लागतो, आणि मला धास्ती वाटते ती नेमकी याचीच.

मग मंत्रिमंडळाची बैठक येते. परराष्ट्रमंत्री ओंडोगा यांना अमीन सगळ्यांदेखत फैलावर घेतो. मंत्री वहीत लिहून घेत असतात. निवेदक सांगतो, दोन आठवड्यांनी ओंडोगांचं प्रेत नाईल नदीत सापडलं. हा भाग मी पुन्हा लावतो आणि सांगतो, आता अमीनला सोडा, लिहिणाऱ्यांचे चेहरे बघा.

पुढे काही दृश्यं अमीनला खटकली. ती कापावीत म्हणून त्यानं युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना ओलीस धरलं. श्रोडरनं ती कापली आणि 1979 मध्ये अमीनची सत्ता गेल्यावर परत जोडली.

बडोद्याला हे सगळं परकं नाही. 1972 च्या ऑगस्टमध्ये अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला. त्यात गुजराती कुटुंबं पुष्कळ होती, काही इकडे परतली. आमच्या गल्लीतल्या मासी त्यांच्यातल्याच. शर्यतीचं दृश्य बघताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘एनी आगळ कोण जाय?’ म्हणजे, त्याच्या पुढे कोण जाणार? माझ्या तासाभराच्या बोलण्यात जे आलं नसतं, ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

पुढच्या खेपेला रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू. 2010 सालची ही फिल्म त्याच्या राजवटीत झालेल्या सरकारी चित्रणातून जोडलेली आहे, निवेदन अजिबात नाही. तीन तासांची आहे, तेव्हा जेवून या. आणि कॉलेजात जाणारी पोरं घरात असतील तर त्यांना जरूर आणा.